एअर होज घेताना: आधी सूत बघा, मग रबर की पीयू

हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन नुसती तडतडत राहते आणि नट काही जागचा हलत नाही, तेव्हा पहिला संशय गनवर येतो, दुसरा कॉम्प्रेसरवर. मीही त्याच वाटेने गेलो होतो. शेवटी गनच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून प्रेशर गेज लावलं. ट्रिगर सोडलेला असताना काटा ११० पीएसआयवर, टाकीच्या गेजवरही तेच. ट्रिगर दाबला आणि काटा धाडकन ६०च्या आसपास आला. टाकीवरचा काटा मात्र जेमतेम हलला होता. मधले ५० पीएसआय गिळले ते हवेच्या १५ मीटरच्या पाव इंची पाइपने आणि त्याच्या दोन टोकांच्या कपलरांनी, म्हणजे झटपट लावता-काढता येणाऱ्या जोडांनी.

त्यामुळे कोणी "रबर घेऊ की पीयू?" (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन) असं विचारलं, की मी उलट विचारतो, "आतलं भोक किती सुताचं?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मटेरियल चुकलं तर काम करताना वैताग येतो. भोक चुकलं तर हत्यार चालतच नाही.

दोन सूत, तीन सूत, चार सूत

म्हणजे पाव, ३/८ आणि अर्धा इंच. कागदावर फरक एकेका सुताचा दिसतो, पण तेवढीच हवा न्यायची असेल तर प्रेशरची घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते. दोन सुतावरून तीन सुतावर गेलात की घट सात-साडेसात पटीने कमी होते, तीनवरून चारवर गेलात की आणखी चौपट. लांबीचा हिशेब त्यामानाने साधा: लांबी दुप्पट, घट दुप्पट.

बहुतेक हत्यारांना ९० पीएसआय, म्हणजे सुमारे ६.२ बार लागतात. हे प्रेशर हत्यार चालू असताना त्याच्या तोंडाशी मिळायला हवं, टाकीपाशी नव्हे. खिळे मारायची गन दर खिळ्याला एकच घोट हवा घेते आणि थांबते, तिला दोन सूत पुरतात. इम्पॅक्ट गनला तीन सुतांच्या खाली जाऊ नका. सँडर, डाय ग्राइंडर आणि एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी प्रेशरवाली) स्प्रे गन ही खरी खादाड मंडळी, मिनिटाला १० घनफूट किंवा त्याहून जास्त हवा सलग ओढणारी. लांबी १० मीटरच्या आत असेल तर यांचं तीन सुतांवर भागतं, पुढे चार सूतच लावा. मग सगळीकडे चारच का नको? एकदा चार सुतांचा रबरी पाइप खांद्यावर टाकून शिडी चढून बघा.

एक फसगत नेहमीची. पीयूची साधी नळी बाहेरच्या मापाने विकली जाते. "८ एमएम" म्हणून घेतलेल्या नळीचं आतलं भोक बहुधा ५ मिलिमीटरच असतं, म्हणजे दोन सुतांपेक्षाही कमी.

आता मटेरियल

रबर जड असतं आणि फिक्या फरशीवर काळे ओरखडे काढतं. पण ते जमिनीवर गपगार पडून राहतं, थंडीत ताठत नाही आणि ग्राइंडरची ठिणगी अंगावर पडली तरी लगेच भोक पडत नाही. जिथे लोखंड कापलं जातं, गाड्यांची चाकं फिरतात, तिथे मी दुसरं काही वापरणार नाही. मात्र हवेच्या लाइनला ऑइलर (हवेत तेलाचे थेंब सोडणारं उपकरण) असेल तर आतला थर नायट्राइल रबराचा आहे ना, हे विचारून घ्या. ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं.

पीव्हीसी सगळ्यात स्वस्त, आणि तसं वागतंही. ज्या वेटोळ्यात ते विकलं गेलं ते वेटोळं त्याच्या कायम लक्षात राहतं. थंडीत काठीसारखं होतं, उन्हात मऊ पडतं आणि एकदा जिथे मुडपलं तिथेच पुन्हा पुन्हा मुडपतं. महिन्यातून एकदा टायरमध्ये हवा भरायला चालेल.

हायब्रिड म्हणजे पीव्हीसी आणि रबराचं मिश्रण. वजन रबरापेक्षा कमी, वळणं पीव्हीसीपेक्षा बरं. ठिणग्यांचं काम नसेल आणि एकच पाइप घ्यायचा असेल, तर तीन सुतांचा, १० मीटरचा हायब्रिड घ्या, असं मी डोळे मिटून सांगेन.

पीयू हातात घेतल्यावर लगेच आवडतं, इतकं हलकं असतं. छपरावर, शिडीवर खिळ्यांची गन चालवताना मनगटाला त्याचा फरक कळतो. घासूनही ते सहज झिजत नाही, पण ठिणगीपुढे टिकत नाही. दमट, गरम जागी वापरायचं असेल तर पॉलिइथर जातीचं मागा, पॉलिएस्टर जातीचं पीयू ओलाव्याने हळूहळू कुजतं.

पीयूची स्प्रिंगसारखी गुंडाळी नळी टेबलावरच्या कामाला छान. फक्त प्रेशरची घट मोजायची ती उलगडलेल्या पूर्ण नळीवर, ती पोचते तेवढ्या अंतरावर नाही. शिवाय ताणली की हत्यार मागे खेचते. रंगकामाला तर नकोच, ओल्या रंगावर तिचा एखादा वेढा टेकलाच म्हणून समजा. रंगासाठी पाइपही वेगळाच ठेवा. ऑइलरच्या लाइनवर वापरलेल्या पाइपात तेल चिकटून राहतं, ते रंगात उतरलं की पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. सिलिकॉनचा अंशही तेच करतो.

टोकाचं सामान

पाइपवर ३०० पीएसआय छापलेलं असेल तर तो आकडा वर्किंग प्रेशरचा आहे की फुटण्याच्या प्रेशरचा, ते नीट वाचा. दोन्हींत तीन-चार पटींचा फरक असतो.

तीन सुतांच्या पाइपला अरुंद निपल (कपलरमध्ये खोचायचं टोक) लावलं तर वरचे पैसे वाया गेले. विकत घेण्याआधी निपल उजेडाकडे धरून आरपार बघा, भोक केवढं आहे ते लगेच दिसतं. इम्पॅक्ट गनवर कपलर थेट बसवू नये, हादऱ्यांनी तो खिळखिळा होतो. मध्ये अर्ध्या मीटरचा लवचिक तुकडा टाकला की कपलरही वाचतो आणि मनगटही.

आणि आटे. त्यांची दोन मानकं चालतात, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे असतात, एनपीटीला १८. पहिले दोन फेरे दोन्ही एकमेकांत गोडीगुलाबीने बसतात, पुढे अडतात. मग पान्याने कितीही आवळा, टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, साबणाचं पाणी लावलं की त्या सांध्यावर बुडबुडे येतच राहतात.