मे महिन्यात गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी: ठिबक, मडकं की शेजारी?

दहा-बारा दिवस गावाला जायचंय, गच्चीवर वीस-पंचवीस कुंड्या आहेत, तर ठिबकवर पैसे घालू, कुंड्यांत पाण्याने भरलेली मडकी पुरू की शेजारी किल्ली देऊन जाऊ, असं दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मला विचारतंच. तिन्ही करून झालंय म्हणून एकदा नीट लिहितेय. मी नागपूरची, इथे पारा ४५ च्या वर जातो आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा पुणे-नाशिकवाल्यांनी पाण्याचे आकडे थोडे कमीच धरा.

त्याआधी एक. ग्रीन नेट, म्हणजे ऊन अडवणारी हिरवी जाळी, लावली नसेल तर पहिला खर्च तो करा, बाकी सगळं नंतर, कारण उघड्या गच्चीवर तापलेल्या स्लॅबवर कुंडी ठेवली तर सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, मग कुठलीही पद्धत वापरा. मोगरा, जास्वंद, गुलाब असेल तर ५० टक्के ऊन अडवणारी नेट घ्या. ७५ टक्केवाल्या नेटखाली मोगऱ्याच्या नुसत्या लांब फांद्या वाढतात, कळ्या येत नाहीत, हे मी एक सीझन वाया घालवून शिकलेय. आणि नेट सात-आठ फुटांवर बांधा, खालून वारा खेळला पाहिजे.

आता ठिबक. कुंड्या वीसच्या वर असतील तर माझं मत सरळ ठिबकला. पण ठरल्या वेळी पाणी सोडणारा टायमर घेताना एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही: गच्चीवरच्या टाकीला प्रेशर जवळजवळ नसतंच. १० मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण १ बार प्रेशर मिळतं, आणि आपली टाकी कुंड्यांच्या वर असते जेमतेम एक-दीड मीटर. त्यामुळे सोलेनॉइड व्हॉल्व्हचा टायमर (त्याची झडप उघडायला पाण्याचं प्रेशर लागतं) अशा ठिकाणी बरेचदा उघडतच नाही, बॉल व्हॉल्व्हवाला (छोट्या मोटरने फिरणाऱ्या झडपेचा) मागा, तो कमी प्रेशरला पण चालतो. दुसरं म्हणजे सगळ्या कुंड्यांना पाणी सारखं जात नाही. मी पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली (थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोटी) एकेक पेला ठेवून पाहिलं, पहिला भरून वाहायला लागला तेव्हा शेवटचा अर्धा पण नव्हता! मग एका लांब नळीच्या दोन छोट्या लाइन केल्या तेव्हा जमलं. टाकीचा हिशेब पण आधी करा, २५ कुंड्या, रोज दीड लिटर, १२ दिवस म्हणजे ४५० लिटर, म्हणजे ५०० ची टाकी काठोकाठ भरूनच निघायचं. टायमर पहाटे साडेपाचला लावा, दुपारी त्या काळ्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. बोअरचं पाणी असेल तर क्षारांनी ड्रिपर बंद पडतात, माझा सहा वर्षांचा कढीपत्ता असाच गेला, अजून त्या कोपऱ्याकडे बघवत नाही. फिल्टर लावाच.

मडकं मला मनापासून आवडतं. लाइट नको, सेल नको, माती कोरडी पडली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं आपोआप कमी होतं. पण ते मोठ्या कुंडीचं काम आहे, १२ इंची कुंडीत मडकं पुरलं तर मुळांना जागाच उरत नाही. १८ इंचाच्या वरच्या कुंडीत किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर पणती ठेवा, नाहीतर डास होतात. आमच्याकडे तीन लिटरचं मडकं नवतप्यात दोन, फार तर तीन दिवस पुरतं, म्हणजे बारा दिवसांच्या गावाला एकट्या मडक्यावर सोडून जाता येत नाही. अजून एक, घरातला जुना माठ पाणी गार करत नाही म्हणून तो बागेत पुरतात, तसं करू नका, गार करत नाही म्हणजेच त्याची छिद्रं क्षारांनी बुजलीत, मग तो झिरपणार तरी कसा? नवं घ्या, रंग न दिलेलं, भरून तासभर पेपरवर ठेवा, बाहेरून ओलसर झालं तर चांगलं.

शेजारच्या काकू प्रेमाने पाणी घालतात पण बहुतेक वेळा जास्त घालतात, किंवा दुपारी पाइप लावतात आणि पहिलं उकळतं पाणी थेट मुळांवर जातं. सांगून ठेवायचं, आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच. दहाच्या आत कुंड्या असतील तर मात्र हाच उपाय सगळ्यात स्वस्त, सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, वर तीन बोटं पालापाचोळा टाका आणि एक दिवसाआड यायला सांगा.

मी स्वतः आता मोठ्या चार कुंड्यांत मडकी, बाकीच्यांना ठिबक, आणि काकूंनी तीन दिवसांनी एकदा येऊन मडकी भरायची आणि ड्रिपर चालू आहेत का ते बघायचं, असं करते. ठिबक निघायच्या दिवशी लावू नका, आठवडाभर आधी लावून रोज सकाळी प्रत्येक कुंडीत बोट घालून बघा, जी कोरडी लागेल तिचा ड्रिपर तेव्हाच बदलून टाका.