बारामती आणि सांगोला

दोन्ही विधानसभा मतदारसंघ एकनिष्ठ म्हणून ओळखले जातात, पण निष्ठेची जात वेगळी. बारामतीने 1967 पासून शरद पवारांना आणि 1991 पासून अजित पवारांना निवडून दिलं. 2024 ला लढत झाली तीही काका-पुतण्यात, अजित पवार आणि युगेंद्र पवार यांच्यात, आणि काका अजित पवार लाखभर मतांनी जिंकले. म्हणजे चुरस आली ती घरातूनच.

सांगोला मला जास्त रंजक वाटतं. शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गणपतराव देशमुख तिथून 11 वेळा आमदार झाले, बहुतेक काळ विरोधी बाकांवर. तरी याच मतदारांनी त्यांना 1972 आणि 1995 मध्ये पाडलंही. 2019 मध्ये शिवसेनेचे शहाजीबापू पाटील थोडक्या मतांनी निवडून आले. 2024 ला जागा पुन्हा शेकापकडे, गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुखांकडे. घराणं इथेही आहेच म्हणा!