पॉटीची सवय लावताना: शाबासकी की बक्षीस?

मुलाला पॉटीची सवय लावायला घेतली की पालकांपुढे दोन मार्ग असतात. जमल्यावर शब्दांनी कौतुक करायचे, किंवा स्टिकर, खाऊ, छोटे खेळणे असे काहीतरी हातावर ठेवायचे. दोन्हींनी मुले शिकतात, पण बक्षिसाचा त्रास पुढे जाणवतो, तर कौतुकाला सुरुवातीलाच जास्त धीर लागतो.

बक्षिसाची जमेची बाजू म्हणजे वेग. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन अॅझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी १९७३ मध्ये ३४ मुलांवर केलेल्या प्रयोगात मुले सरासरी चार तासांत शिकल्याची नोंद आहे. तिथे मुलांना भरपूर पेये देऊन सराव वाढवला होता आणि चड्डी कोरडी असली की लगेच खाऊही मिळत होता आणि शाबासकीही, त्यामुळे ते यश एकट्या खाऊच्या खात्यावर जमा करता येत नाही. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतील मुलांना आधी बक्षिसाचे सांगून चित्रे काढायला लावले, तर नंतर त्यांची ती आवड कमी होते. हा निष्कर्ष पॉटीला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. पॉटीवर बसण्याची उपजत हौस मुळात कोणत्या मुलाला असते?

खरी अडचण घासाघिशीची असते. शू केल्यावर स्टिकर मिळतो हे ओळखलेले मूल दोन थेंब करून उठते, स्टिकर घेते आणि थोड्याच वेळात उरलेली शू घेऊन परत येते. हुशारी वाखाणण्याजोगी असली, तरी मूत्राशय पूर्ण रिकामे करण्याची सवय त्यातून लागत नाही. शिवाय घरातले बक्षीस पाळणाघरात किंवा प्रवासात मिळेलच असे नाही, शब्द मात्र कुणालाही, कुठेही देता येतात.

अर्थात कौतुकही जपून करावे लागते. घरभर टाळ्या वाजल्या की काही मुले बुजतात. ‘किती गुणी बाळ!’ या कौतुकात चड्डी ओली झाली तर आपण गुणी नाही, हा अर्थही दडलेला असतो. त्यापेक्षा ‘शू आल्याचं तुला कळलं आणि तू खेळ सोडून आलास’ असे घडले तेच सांगितले, तर नेमके काय जमले हे मुलाला उमगते.

मूल राजीखुशीने बसत असेल, तर बक्षिसाचा विषय काढूच नये, कौतुक पुरते. बसायलाच नकार असेल, तर बक्षिसाचा उपयोग होतो, पण ते बसण्यासाठी द्यावे, शी-शू होण्यासाठी नव्हे, कारण बसणे मुलाच्या हातात असते आणि होणे नेहमीच नसते. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा दोन-तीन मिनिटे बसवावे आणि ठरलेला स्टिकर तिथल्या तिथे द्यावा. आठवडाभर स्टिकर साठवून मिळणारे खेळणे दोन वर्षांच्या मुलासाठी फार लांबचे असते. बसणे अंगवळणी पडले की स्टिकर हळूहळू कमी करावा आणि शब्द चालू ठेवावेत.

मूल शी रोखून धरत असेल, तर मात्र आमिष दाखवू नये. त्यामागे बहुधा बद्धकोष्ठता आणि दुखण्याची भीती असते. तिथे आधी डॉक्टरांना दाखवून शी मऊ होईल असे पाहावे. रात्री अंथरूण कोरडे राहण्यालाही बक्षीस नको, कारण झोपेतले नियंत्रण शरीराच्या वाढीनुसार येते. झोपण्यापूर्वी शू करून आल्याबद्दल शाबासकी द्यायला हरकत नाही.

दोन्ही उपाय करूनही रोज रडारड होत असेल, तर मूल दिवसा सलग दोन तास कोरडे राहते का आणि शू-शी आल्याचे आधी सांगते का, हे पाहावे. तसे नसेल, तर काही आठवडे हा विषयच बाजूला ठेवावा.