अशक्य प्रसंगी देवावर विसंबणे : एका ध्वनिमालेचे परीक्षण

घरातील दीर्घ आजारपणामुळे रात्री जागाव्या लागत असताना, देवाकडून होणाऱ्या सुटकेवरील आठ भागांची एक सशुल्क ध्वनिमाला मी मोबाइलवर ऐकली. पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, ज्या प्रसंगांत माणसाचे सगळे उपाय संपलेले असतात, अशाच प्रसंगांची निवड तिच्यात केलेली आहे. या विषयावर बोलणारे बहुधा धीर देण्याच्या घाईत असतात आणि संकट पुरते मांडण्याआधीच त्यातून बाहेर पडतात. या मालिकेचे पहिले सहा भाग तसे करीत नाहीत.

पहिला भाग तांबड्या समुद्राचा, म्हणजे मोशेच्या मागून मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएली लोकांचा आहे. पुढे पाणी, मागे मिसरचा राजा फारो याचे निवडक 600 रथ, आणि मिसरात कबरी नव्हत्या म्हणून आम्हाला अरण्यात मरायला आणलेस काय, असे मोशेला विचारणारे लोक. व्याख्याते या उपरोधाबद्दल लोकांना लगेच दोष देत नाहीत, हे मला आवडले. परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा, हे निर्गम या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायातील 14 वे वचन अनेकांना पाठ असते. परंतु त्याच्या लगतच्याच वचनात देव मोशेला, माझा धावा कशाला करतोस, लोकांना पुढे चालायला सांग, असे म्हणतो, याकडे ते लक्ष वेधतात. शिवाय समुद्र एका क्षणात दुभंगत नाही. पूर्वेचा जोराचा वारा रात्रभर वाहत राहतो. उशाशी बसून रात्र मोजणाऱ्याला या 'रात्रभर' शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

यहूदाचा राजा यहोशाफाट याचा भाग ठीक आहे, त्यापलीकडे नाही. यहूदाचाच राजा हिज्कीया याचा भाग मात्र अभ्यासपूर्ण आहे. अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र घेऊन हिज्कीया मंदिरात जातो आणि ते परमेश्वरापुढे पसरतो, या साध्या कृतीवर चांगले विवेचन आहे. ख्रि. पू. 701 मधील या स्वारीविषयी त्या अश्शूरच्या राजाचा, सन्हेरीबाचा, स्वतःचा कोरीव वृत्तान्त उपलब्ध असून, त्यात हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्यासारखे कोंडल्याची बढाई आहे, पण यरुशलेम जिंकल्याचा दावा नाही, हेही सांगितले आहे. एवढ्यावरून चमत्कार सिद्ध झाला, असा आव व्याख्यात्यांनी आणलेला नाही.

सर्वांत सरस सहावा भाग, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायावरचा. बहुतेक प्रवचने तुरुंगातील प्रेषित पेत्राच्या गळून पडलेल्या साखळ्यांपासून सुरू होतात. येथे सुरुवात दुसऱ्या वचनापासून होते, जेथे राजा हेरोद योहानाचा भाऊ प्रेषित याकोब याला तलवारीने ठार मारतो. एकाच अध्यायात, एकाच राजाच्या हाती सापडलेल्या दोन प्रेषितांपैकी एक सुटतो आणि एक सुटत नाही. मंडळीने, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने, याकोबासाठी कमी प्रार्थना केली होती काय, हा प्रश्न व्याख्याते विचारतात आणि शास्त्रात त्याचे उत्तर दिलेले नसल्यामुळे तो तसाच ठेवतात. पुढे, ज्याच्यासाठी प्रार्थना चालली आहे तोच पेत्र दारात उभा असताना, ती बातमी आणणाऱ्या दासीला आतले लोक वेडी ठरवतात, हा भाग ऐकताना मला कित्येक दिवसांनी हसू आले. प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वासही इतका तोकडा असू शकतो आणि तरी बेड्या तुटतात, ही गोष्ट मला कोणत्याही उपदेशापेक्षा जवळची वाटली.

शेवटचे दोन भाग निराशा करतात. सातव्या भागाचा विषय असलेल्या, दानीएलाच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात, मूर्तीला न नमल्यास आगीच्या भट्टीत टाकण्याची धमकी मिळालेले तिघे तरुण राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. या 'तरी'वर साऱ्या मालिकेचा भार पेलला गेला असता. तो एका वाक्यात उरकला आहे. आठव्या भागात तर सुटका मिळवण्याच्या पायऱ्याच सांगितल्या आहेत, जणू याकोबाची एखादी पायरी चुकली होती!

तांत्रिक बाजू साधारण आहे. पार्श्वसंगीत अनेकदा आवाजावर चढते आणि वचनांचे संदर्भ लेखी मिळत नाहीत, त्यामुळे शास्त्र जवळ ठेवूनच ऐकावे लागते. सातवा भाग मी अर्ध्यावर बंद केला आणि दानीएलाचा तिसरा अध्याय स्वतः मोठ्याने वाचला. तीस वचनांना दहा मिनिटेही लागली नाहीत.