गादीखालचा ठोकेमापक: नागपूरच्या जनरल वॉर्डात कितपत चालतो?

गादीखाली सरकवायची सेन्सरची पट्टी दाखवायला विक्रेता येतो, तेव्हा तो हमखास स्वतःच पलंगावर आडवा होतो आणि थोड्याच वेळात टॅबलेटवर मिनिटाला ७२ ठोके असं झळकतं. निरोगी, निवांत पडलेल्या माणसावर ते चालणारच. खरी परीक्षा मे महिन्यातल्या वॉर्डात आहे: पारा ४५च्या वर, खिडकीत घरघरणारा कूलर, पायथ्याशी बसलेले दोन नातेवाईक आणि हुडहुडी भरलेला रुग्ण.

आधी यामागचं तत्त्व. हृदय महाधमनीत रक्त ढकलतं तेव्हा सगळ्या शरीराला अगदी बारीक झटका बसतो, बंदूक झाडल्यावर खांद्याला बसतो तसा. आयझॅक स्टार या अमेरिकन डॉक्टरानं १९३९ मध्ये हाच झटका खास पलंगावर मोजून दाखवला. बॅलिस्टोकार्डिओग्राफी ती हीच. आजच्या पट्टीत पीझो सेन्सर असतो. तो स्थिर वजन ओळखत नाही, फक्त बदलता दाब ओळखतो. त्यामुळे रुग्ण ४० किलोचा की ९० किलोचा, यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पलंगाला लागणाऱ्या प्रत्येक हादऱ्यानं.

छताचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५, आणि ठोक्यांच्या झटक्याच्या लहरी साधारण १ ते १० हर्ट्झमध्येच, म्हणजे सेकंदाला १ ते १० कंपनांमध्येच असतात. पंखा छताला आहे तोवर चिंता नाही. पण टेबलफॅन पलंगाच्या कठड्याला बांधला किंवा कूलरचा स्टँड पलंगाला टेकला, की आकडे नाचू लागतात. म्हणून पहिली चाचणी रिकाम्या पलंगाची: कूलर फुल स्पीडवर, गादीवर कोणी नाही. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा (--) दिसल्या पाहिजेत. आकडा दिसला तर आधी पलंग कूलरपासून चार बोटं सरकवा, मग विक्रेत्याला फोन करा.

पट्टी गादीखाली, खांद्यांच्या खाली आणि छातीच्या रेषेत आडवी हवी. फाउलर बेडवर (पाठ उचलता येणारा पलंग) ती पूर्णपणे पाठीच्या फळीवर बसली पाहिजे; बिजागरीवर आली तर पाठ उचलताना दुमडते आणि वायर क्रँकमध्ये चिरडते. रुग्ण घसरून खाली आला की छाती पट्टीवरून सुटते, सिग्नल क्षीण होतो. साध्या फोमच्या किंवा कापसाच्या गादीवर वाचन चांगलं मिळतं. बेडसोरसाठीच्या एअर गादीवर मात्र पंप आणि हवेचे कप्पे मिळून घोळ घालतात. तिथे छातीला ईसीजीच्या लीड लावलेल्याच बऱ्या.

नातेवाइकांचं काय करायचं? गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेलं माणूस रात्री रुग्णाच्याच पलंगावर कलंडणार, हे गृहीत धरा. दोन माणसं एका गादीवर असली की पट्टीला दोघांचे ठोके मिळतात आणि दाखवलेला आकडा कोणाचा, हे सांगता येत नाही. आईला बिलगून झोपणाऱ्या बाळाचंही तेच. बाजूला एक स्टूल ठेवा, एवढाच उपाय.

आमच्या मते या यंत्राची खरी कमाई ठोके नाहीत, श्वास आहे. श्वासाची हालचाल ठोक्याच्या झटक्यापेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून झोपलेल्या रुग्णात तो आकडा जास्त भरवशाचा येतो. आणि चार्टवर न मोजता, सवयीनं '२०' लिहिला जातो तोही हाच! रुग्णाची तब्येत बिघडतेय का हे गुणांवरून ओळखणाऱ्या न्यूज-२ पद्धतीत मिनिटाला २१ ते २४ श्वासांना २ गुण, २५ किंवा जास्त झाले की ३. रात्री दोनला श्वास १८ वरून २६ वर गेला, तर सिस्टर पुढच्या राउंडला येण्याआधीच ते कळतं.

मर्यादाही ऐका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाची लय अनियमित झालेली असते तेव्हा, काही ठोक्यांत पुरेसं रक्त बाहेर पडतच नाही. ईसीजीवर ११० आणि पट्टीवर ८५ असंही दिसू शकतं. अनियमितता नेमकी कोणती, हे पट्टी सांगत नाही. बीपी आणि ऑक्सिजन ती मोजत नाही. कफ आणि बोटाचा प्रोब वेगळे लागतात. सीपीआर चालू असताना ती छातीवरचे दाबच मोजून खुशाल ११० दाखवेल, म्हणून त्या वेळी तिच्याकडे पाहूच नका. आयसीयूसाठी हे नाही. सर्जरीनंतरच्या आणि तापाच्या जनरल वॉर्डसाठी मात्र जरूर घ्यावं.

अलार्मची मर्यादा ठोक्यांसाठी ४० आणि १३० अशी धरून, ३० ते ६० सेकंदांचा विलंब ठेवून सुरुवात करा. विलंब शून्य ठेवला तर प्रत्येक खोकल्याला टॅबलेट वाजेल आणि दोन दिवसांत कोणीतरी आवाजच बंद करेल. लाईन गेली की पट्टी बॅटरीवर चालेल, पण राउटर बंद पडला तर आकडे नर्सिंग स्टेशनला पोचणार नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. पट्टी पुसताना हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं ओलं फडकं फक्त आवरणावर फिरवा. कनेक्टर भिजला तर गंजतो.

पैसे देण्याआधी सीडीएससीओचा (केंद्राची औषध आणि वैद्यकीय उपकरण नियंत्रण संस्था) परवाना क्रमांक मागा, आणि आठवडाभर दोन पलंगांवर ट्रायल घ्या, त्यातला एक कूलरशेजारचा. रोज तीन वेळा पूर्ण ६० सेकंद नाडी आणि श्वास हातानं मोजून आकड्याशेजारी लिहा. पाचपेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर आधी पट्टीची जागा तपासा, मग गादी, आणि सगळ्यात शेवटी यंत्र.