पगार बंद झाल्यावर सॅलरी अकाउंटचं काय होतं: दोन वर्षांच्या वापरानंतर

खाजगी बँकेतलं बचत खातं दोन वर्षांहून जास्त वापरून हे लिहिते आहे. बँकेचं नाव घालत नाही. कमी-अधिक फरकाने बऱ्याच खाजगी बँकांचे नियम असेच आहेत, आणि चाकण, रांजणगाव, भोसरी पट्ट्यात कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येकीकडे असं एक खातं असतंच.

खातं मी मागितलेलं नव्हतं. २०२३ मध्ये चाकणच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, तेव्हा ठेकेदाराने सगळ्यांची खाती एकाच बँकेत काढली. बँकेची माणसं कॅन्टीनमध्ये टेबल टाकून बसली होती. आधार, पॅन, अंगठा, झालं. "झिरो बॅलन्स आहे ताई, काही ठेवावं लागत नाही," हे वाक्य त्यांनी प्रत्येकीला सांगितलं. पगार चालू होता तोवर तक्रारीला जागा नव्हती. पगार वेळेवर जमा व्हायचा, ॲप नीट चालायचं, यूपीआय क्वचितच अडकायचं. तेवढ्यापुरते मी या बँकेला चांगले गुण देते.

जानेवारी २०२४ मध्ये ठेका बदलला आणि आमची तुकडी घरी बसली. सलग तीन महिने पगार जमा झाला नाही की सॅलरी अकाउंटचं साधं बचत खातं होतं, ही अट खातं काढताना कुणी बोलून दाखवली नव्हती. साधं खातं झालं की किमान सरासरी शिल्लक लागू होते. मी राहते राजगुरुनगरजवळच्या गावात, पण ठेकेदाराने खाती पुण्यातल्या शाखेला जोडलेली. ग्रामीण शाखेला अडीच हजार, निमशहरीला पाच हजार आणि महानगरातल्या शाखेला दहा हजार, असा या बँकेचा तक्ता आहे. खातेदार कुठे राहतो, किती कमावतो याला त्या तक्त्यात रकाना नाही. मला दहा हजार लागले.

या सरासरीचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळा अन्याय तिथेच आहे. महिन्यातल्या प्रत्येक दिवसाच्या शेवटी असलेली शिल्लक मिळवायची आणि दिवसांनी भागायची. म्हणजे एखाद्याने तीस दिवसांच्या महिन्यात फक्त एक दिवस तीन लाख ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सगळे काढून घेतले, तरी त्याची सरासरी दहा हजार भरते आणि त्याला एक रुपयाही दंड नाही. आणि जिने पोटाला चिमटा काढून महिनाभर चार हजार तसेच राखले, ती सहा हजारांनी कमी पडते. या बँकेत कमी पडलेल्या रकमेवर सहा टक्के दंड आहे, जास्तीत जास्त पाचशे, वर अठरा टक्के जीएसटी. सहा हजारांवर ३६० आणि जीएसटी धरून ४२४ रुपये ८० पैसे, एका महिन्याचे. त्याच चार हजारांवर बँक वर्षभराचं व्याज देते शंभर-सव्वाशे रुपये. आपल्याकडे असलेल्या पैशावर वर्षाला अडीच-तीन टक्के द्यायचे आणि नसलेल्या पैशावर महिन्याला सहा टक्के घ्यायचे. माझ्या खात्यात जवळजवळ काहीच नव्हतं, म्हणून मला वरची मर्यादा लागली: दरमहा ५९० रुपये.

खात्यात असतील तेवढे पैसे पहिल्या फटक्यातच गेले. पुढे शिल्लक शून्यावर थांबली आणि मला वाटलं, आता घेणार काय? पण बँक बाकी दंड मागे लिहून ठेवत होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकत्र आले, तीन हजार रुपये. अर्जात मी गावातल्या सरकारी बँकेचा खाते क्रमांक दिला होता. पैसे आले या खात्यात. कारण असे सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं तिथे येतात, आणि कॅन्टीनमधल्या त्या टेबलावर माझं आधार इथे जोडलं गेलं होतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि मागोमाग कापल्याचा. मे, जून, जुलै असा तीन महिन्यांचा दंड होता १,७७० रुपये. त्यातला काही आधीच घेतलेला, उरलेला सगळा या तीन हजारांतून गेला. त्या दिवसांत राज्यभरातून अशाच तक्रारी येत होत्या आणि या योजनेच्या पैशातून परस्पर काही वळतं करू नका, असं सरकारने बँकांना बजावलं होतं. आईच्या डोळ्यांच्या औषधाला मी ते पैसे धरले होते. सरकारने एका बाईच्या हाती म्हणून दिलेले पैसे, तिच्या हाती येण्याआधी, तिच्याकडे पैसे नव्हते या कारणासाठी कापले जातात. याचा राग मला अजून आहे आणि तो असायलाच हवा असं मला वाटतं.

शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा, बोलायला नम्र. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. "ताई, आमच्या हातात काही नाही, सिस्टीममधून कटतं." मॅनेजरने तेच सांगितलं, फक्त बसायला खुर्ची दिली. शून्य शिल्लकीचं खातं करून द्या म्हटलं, तर "जनधन आमच्याकडे होत नाही, सरकारी बँकेत जा." टोल फ्री नंबरवर भाषा निवडायला मराठी होती, माणूस मात्र हिंदीत बोलला आणि दरपत्रकाची लिंक पाठवली. ती इंग्रजीत.

सिस्टीम आपोआप काही कापत नाही. किती कापायचं, कुणाचं कापायचं, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. तो माणूस आपल्याला कधीच भेटत नाही, आणि जो भेटतो त्याच्या हातात काही नसतं. मोठ्या कंपन्यांचा हा बंदोबस्त मला दंडापेक्षा जास्त खटकतो.

मग चुलतभावाने रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं शोधून दिली. ती कुणालाही वाचता येतात आणि त्यात आपल्या उपयोगाचं बरंच आहे. नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार, जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं, शिल्लक कमी पडली की बँकेने आधी खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायला हवं, आणि कळवल्यापासून एक महिन्यात शिल्लक भरली नाही तरच दंड. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. खातं उणे दाखवायचं नाही, पण दंड मागे साठवून पुढच्या जमेतून ओढायचा, हे त्या नियमाचे शब्द पाळून त्याचा हेतू मोडणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २०१२ चं दुसरं परिपत्रक मूलभूत बचत खात्याचं. त्यात किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड मोफत, महिन्यात चार वेळा पैसे काढता येतात. हे खातं प्रत्येक बँकेने द्यायचं आहे, खाजगी बँकेनेसुद्धा. जनधन योजना त्यानंतर दोन वर्षांनी आली. म्हणजे शाखेत मला सांगितलं ते खरं नव्हतं.

लेखी तक्रार दिली आणि एकच गोष्ट मागितली: दंडाआधी मला पाठवलेल्या सूचनेची तारखेसह प्रत. उत्तर आलं, "शुल्क बँकेच्या धोरणानुसार योग्य आहे." प्रत नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर ही तक्रार करता येते, तिला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तक्रार नोंदल्यावर काही दिवसांतच बँकेच्या मुंबई कार्यालयातून फोन आला, पहिल्यांदा मराठीत, आणि १,७७० रुपये परत जमा झाले. पत्रात लिहिलं होतं, "ग्राहकसंबंध जपण्यासाठी एक वेळची सवलत." माझे पैसे मला सवलत म्हणून परत दिले. माझ्यासोबत कॅन्टीनमध्ये खाती काढलेल्या बाकीच्या बायकांना ती सवलत मिळालेली नाही.

बाकीचे आकार थोडक्यात. एसएमएसचे दर तिमाहीला पैसे, डेबिट कार्डाचे वर्षाला, शिवाय दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक कमी म्हणून व्यवहार नाकारला गेला तर २५ रुपये आणि जीएसटी. पैसे मिळाले नाहीत त्याचे साडेएकोणतीस रुपये.

धोरण बदलता येत नाही असं कुणी सांगितलं तर मानू नका. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड बंद केला. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही काढला. त्याआधीच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केल्याची माहिती २०२४ मध्ये लोकसभेत दिली गेली. तो पैसा श्रीमंतांच्या खात्यांतून आलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सांगितलं की किमान शिल्लक किती असावी हे ज्या त्या बँकेने ठरवायचं. मला हे पटत नाही. ज्या खात्यात सरकार आधार बघून पैसे पाठवतं, त्या खात्याच्या दंडावर सरकारी अंकुश हवाच.

नोकरी सुटलेल्यांनी पहिल्या तीन महिन्यांतच हलावं. शाखेत लेखी अर्ज द्या, "माझं खातं मूलभूत बचत खात्यात बदला," आणि पोच घ्या. त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर ते मात्र बंद करावं लागतं. आधार कुठे जोडलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं, तेही बघा. मी माझं आधार पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत वळवलं. तिथे किमान शिल्लक नाही आणि आमचा पोस्टमन दारात येऊन पैसे देतो. जुनं खातं बंद करताना आधी थकीत आकार शून्य असल्याचं लेखी मागा, मग कार्ड आणि चेकबुक जमा करा, आणि खातं बंद झाल्याचं पत्र शिक्क्यासह हातात घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. मला ते द्यायला त्यांनी तीन वेगवेगळ्या टेबलांवर पाठवलं, पण दिलं.