पायथॉनचं जेसन मॉड्यूल: बाबांना वाचता येईल असा स्टॉक

अप्पा बळवंत चौकात आमचं शालेय पुस्तकांचं दुकान आहे. स्टॉकचा प्रोग्रॅम मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय. रात्री दुकान वाढवलं की सगळा साठा जेसन फाइलमध्ये, म्हणजे ठरलेल्या मांडणीच्या साध्या मजकुरात, उतरतो आणि सकाळी चहाबरोबर बाबा, म्हणजे माझे सासरे, ती फाइल नजरेखालून घालतात. त्यामुळे माझी कसोटी एकच, बाबांना वाचता आली पाहिजे.

ही फाइल लिहिणारं जेसन मॉड्यूल (तयार कोडचा संच) २००८ च्या २.६ आवृत्तीपासून पायथॉनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "हे काय गं, बारकोड छापलेस का?" कारण हे मॉड्यूल आपणहून देवनागरी लिहीतच नाही. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा. प्रत्येकाला सहा चिन्हांचा संकेत. एवढ्याशा पुण्याला २४ चिन्हं! 'एन्शुअर_अॅस्की' ही फक्त इंग्रजी चिन्हं वापरायची सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद, केली की सुटका. इंडेंटही द्या, म्हणजे ओळी सुट्या होऊन आत सरकतात, नाहीतर सगळा साठा एका ओळीत.

किमती मी डेसिमल या अचूक दशांश प्रकारात ठेवते. तिथे मॉड्यूल सरळ टाइपएरर (हा प्रकार चालत नाही अशी तक्रार) देऊन हात वर करतं. हे मला आवडलं. गुपचूप फ्लोट, म्हणजे साधी दशांश संख्या, केलं असतं तर ३४९.५० चे ३४९.५ झाले असते आणि बाबांनी ते 'पाच पैसे' असं वाचलं असतं. अनोळखी प्रकार आला की मॉड्यूल 'डीफॉल्ट'ला विचारतं, तिथे आपलं छोटं फंक्शन द्यायचं: डेसिमलची स्ट्रिंग (मजकूर), तारखेला आयसोफॉरमॅट (वर्ष-महिना-दिवस असा मजकूर), बाकी काही आलं तर पुन्हा एरर.

खरी खोड वेगळीच आहे. पुस्तकाची नोंद मी आधी नेम्डटपलमध्ये, म्हणजे प्रत्येक मूल्याला नाव असलेल्या टपलमध्ये (मूल्यांच्या यादीत), ठेवायचे: नाव, इयत्ता, किंमत, नग. टपल हा प्रकार मॉड्यूलच्या ओळखीचा, म्हणून ते 'डीफॉल्ट'ला विचारतच नाही. चौकोनी कंसात नुसती मूल्यं, फील्डची नावं गायब, एररही नाही. ऐन जूनच्या गर्दीत बाबांनी ७ हा आकडा शिल्लक नग समजून ऑर्डर थांबवली. ती इयत्ता होती. नग शून्य.

आता डेटाक्लास, म्हणजे नावांसकट नोंद ठेवणारा दुसरा प्रकार, वापरते. तो अनोळखी, म्हणून निमूट 'डीफॉल्ट'कडे येतो. तिथे 'अॅजडिक्ट' (नोंदीची नाव-मूल्य जोड्यांत मांडणी करणारं फंक्शन) लावलं की नावांसकट उतरतो.

मॉड्यूलला पाचपैकी चार तारे. एक तारा त्या सातवीच्या पुस्तकांचा.

बाबांना आता आकडेही देवनागरीत हवेत. जेसनमध्ये संख्या म्हणून ते चालत नाहीत, स्ट्रिंग करावी लागेल. पण मजकुराची पूर्ण संख्या करणारा पायथॉनचा 'इंट' '७' सरळ वाचतो, हे परवाच कळलं. रविवारी बघते.